डबल बेल

घरात घंटी आली ती आमच्या चिरंजीवांच्या डोक्यातून. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना खुर्चीतून पटकन उठता येत नाही, आई स्वयंपाकघरात असते आणि तिला ऐकू कमी येतं. यातलं शेवटचं त्याचं मत, माझं नाही. तर म्हणून त्यानं दुकानाच्या काउंटरवर असते तसली, डोक्यावर टिचकी मारली की टिंग वाजणारी घंटी आणली आणि बापाच्या हाताशी ठेवली.

"बाबा, काही लागलं की वाजवा. आई येईल."

आई येईल म्हणे. मी मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

त्याचं असं आहे की आमचे हे बस चालवायचे आणि त्याच बसवर मी कंडक्टर होते. लग्नाच्या आधीपासून ते निवृत्त होईपर्यंत, मधली बाळंतपणाची रजा सोडली तर, आमची जोडी कुणी फोडली नाही. बसमध्ये बेल असते कंडक्टरची. छताखालून दोरी गेलेली असते, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यापाशी टिंग वाजतं. एकदा वाजलं की थांबा. दोनदा वाजलं, म्हणजे डबल बेल दिली, की चला. तीनदा वाजलं तर गाडी भरलीय, पुढच्या स्टॉपला थांबू नका. हे तिसरं आम्ही दोघांनी आपसांत ठरवलेलं. सगळी नोकरी आम्ही एवढ्यावर भागवली. ड्रायव्हरच्या पाठीमागे पाटी होती, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये', आणि आमचे हे पाटीबरहुकूम वागणारे. मला त्यांची दिसायची ती फक्त मान. मान ताठ झाली की राग आलाय, कानाच्या पाळ्या लाल झाल्या की भूक लागलीय, हे मी मागे उभी राहून ओळखायची. लग्नाचं विचारलं तेसुद्धा डेपोत, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढून झाल्यावर.

अजूनही मी त्यांना ड्रायव्हर म्हणते आणि ते मला कंडक्टर. आणि आता, इतक्या वर्षांनी, बेल ड्रायव्हरच्या हातात आणि पळायचं कंडक्टरनं. असा उलटा कारभार मी कसा चालू देईन?

पहिल्याच सकाळी मी भाजी चिरत होते. टिंग. एक बेल. मी थांबले. सुरी खाली ठेवली आणि जिथे होते तिथे उभी राहिले. थोड्या वेळानं पुन्हा टिंग. मी थांबलेलीच होते, आणखी काय थांबणार?

"कंडक्टर, बेल ऐकू येत नाही का?"

"येते ना. तुम्ही एक बेल दिलीत, मी थांबलेय."

मग टिंग टिंग.

डबल बेल. मी पिशवी घेतली, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि बाजारात गेले. लिंबं घेतली, चपलेचा अंगठा शिवून घेतला, ओळखीच्या दोघीतिघींशी बोलले. परत आले तर मान ताठ.

"पाणी हवं होतं मला."

"मग पाणी हवंय म्हणायचं. डबल बेल कशाला दिलीत?"

त्यांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी दाबलं. घंटी मी जप्त केली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली.

गंमत गंमतीच्या जागी, पण त्या दिवसांत मी मनातून धास्तावलेली होते. ऑपरेशन झालं होतं डाव्या गुडघ्याचं. डॉक्टर म्हणाले, "गुडघा पार झिजलाय." हे म्हणाले, "झिजणारच. क्लचचा पाय आहे तो." नवा गुडघा बसवला, तो छान बसला, पण दिलेली भूल उतरेना. इतर पेशंट उठून चहा मागायला लागले तरी आमचे ड्रायव्हर आपले गाढ. परिचारिका गालावर थापट्या मारून हाका मारत होत्या. डॉक्टर दोनदा येऊन गेले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. शेवटी त्यांनी मला आत सोडलं. मी खाटेपाशी उभी राहिले. काय करावं सुचेना, तर मी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटातली अंगठी आपटत होते. सवय आहे माझी ती, गाडीतल्या दांड्यांवर तिकिटाचा पंच आपटून आपटून हाताला लागलेली. परिचारिका म्हणालीसुद्धा, "आजी, आवाज करू नका." तेवढ्यात यांनी डोळे उघडले. मी तिथेच खाली बसले.

आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. महिनाअखेरीला तपासणीला या. तोवर गुडघा निदान काटकोनात वाकलाच पाहिजे. नाही वाकला तर तो आतून आखडत जाईल, मग पुन्हा भूल देऊन आम्हाला तो वाकवावा लागेल.

पुन्हा भूल. त्या दोन शब्दांनी माझी झोप उडाली. मागच्या वेळी उठले, पुढच्या वेळी उठतील कशावरून? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मुलगा घाबरला असता आणि हे रागावले असते.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. हसरी, हाताला पक्की, आणि पिशवीत एक मापक. दोन पट्ट्या एका खिळ्यानं जोडलेल्या, त्या मांडीला आणि पोटरीला लावून ती कोन मोजायची. आल्या आल्या विचारायची, "काका, काटकोन कुठवर आला?" म्हणून यांनी तिचंच नाव काटकोन ठेवलं. दाराची कडी वाजली की म्हणायचे, "कंडक्टर, काटकोन आली."

काटकोन आली की यांचा पाय लाकूड. ती टाच धरून हळू मागे सरकवायची, हे खुर्चीचे हात धरून पाय ताठ करायचे. मला वाटायचं दुखतंय म्हणून. दुखत तर होतंच. पण एक दिवस खरं कारण बाहेर पडलं.

"अगं मुली," हे तिला समजावून सांगत होते, "नवी गाडी डेपोत आली की आम्ही तिला पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत रगडत नाही. जास्त वेग नाही, चढावर जोर नाही, ओझं नाही. मशीन आधी आपसांत बसावं लागतं. गुडघा नवा आहे. महिनाअखेरीला डॉक्टरांकडे सर्व्हिसिंग आहे. ती होऊ दे, मग हवा तेवढा वाकव."

काटकोनच्या तोंडाचं पाणी पळालं. "काका, हे उलट आहे. हा गुडघा चालवला नाही तर जाम होतो."

"गाड्या किती चालवल्यास तू?"

"स्कूटर चालवते."

"मग झालं तर."

मी सांगून पाहिलं, मुलानं फोनवर सांगून पाहिलं, डॉक्टरांच्या मदतनिसानं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या ड्रायव्हरच्या हातून कधी गाडीला ओरखडा पडला नाही, आणि ज्याच्या हातून ओरखडा पडत नाही त्याला कुणी काही शिकवू शकत नाही. महिना संपत आला होता आणि काटकोनच्या मापकाच्या पट्ट्या काही काटकोनात येत नव्हत्या.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातली फळी पुसायला काढली. दारातून बाहेरची खुर्ची आडवी दिसते. हे पाय स्टुलावर ठेवून, तोंड उघडं टाकून डुलक्या काढत होते. माझ्या फडक्याचा धक्का लागून घंटी वाजली, आणि ती सावरायला गेले तर पुन्हा वाजली. टिंग टिंग.

यांचा डावा पाय स्टुलावरून खाली उतरला. मागे गेला, खुर्चीच्या बुडाशी आला, तिथून उचलून पुढे जमिनीवर दाबला गेला. डावा हात उगाच हवेत गिअर शोधून खाली आला. हे सगळं झोपेत. मग कळ आली असावी, कारण ते "आई गं" म्हणून जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही. फळी पुसतेय."

फडकं हातातच राहिलं माझ्या. आमच्या डोळ्यांदेखत आठवडेच्या आठवडे जो पाय मागे जात नव्हता, तो डबल बेलवर आपला आपण गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाजवून पाहिली. हे जागे होते, वर्तमानपत्र वाचत होते. टिंग टिंग. पाय जागचा हलला नाही. कागदाआडून आवाज आला, "बाजारात जातेस का? ब्लेड संपलीत माझी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नुसत्या बेलवर गाडी निघत नाही. गाडी आधी असावी लागते. झोपेत ते गाडीत होते, खुर्चीत नव्हते. जागेपणी त्यांना गाडीत कसं बसवायचं? व्यायाम म्हणून बसवलं तर पुन्हा ते सर्व्हिसिंगचं पुराण सुरू.

यावर एकच उपाय होता, तो म्हणजे भांडण. आमच्यात एक जुनं भांडण आहे, लोणच्यासारखं मुरलेलं. मी ते बाहेर काढलं.

"पुलाच्या स्टॉपला तुम्ही गाडी कायम पुढे नेऊन थांबवायचात," मी चहा देता देता म्हटलं. "म्हातारीकोतारी माणसं मागून धावत यायची."

कप ओठाशी थांबला. "मी पुढे न्यायचो? तू बेल उशिरा द्यायचीस."

"मी वखारीच्या कोपऱ्यावर बेल द्यायची. रोज."

"वखार मागे पडल्यावर द्यायचीस. तोवर मी पुलावर. उतारावर भरलेली गाडी जागच्या जागी थांबते का?"

"हे तुमचं म्हणणं."

"म्हणणं नाही, दाखवतो." कप खाली आदळला. "खुर्च्या लाव."

हेच तर हवं होतं मला. मी ताकास तूर लागू दिली नाही. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन रांगांत लावल्या, यांची खुर्ची सगळ्यांत पुढे खिडकीला तोंड करून, भिंतीशी क्लच म्हणून एक जाड उशी. मागच्या खुर्च्यांवर कपड्यांची बोचकी ठेवली, कारण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत फरक पडतो, असं ड्रायव्हरचंच म्हणणं. हे कुबडीच्या आधारानं आले, बसले, पाय लांब करून उशीवर टेकवला, आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? सीट इतकी मागे कुणी ठेवली? माझी सीट अशी असते का?"

"मला काय माहीत. मला तुमची मानच दिसायची."

ते स्वतः दोन्ही हातांवर जोर देऊन खुर्ची पुढे ओढत गेले. आणखी पुढे. आमचे ड्रायव्हर उंचीनं बेताचे. स्टीअरिंगला पोट लागेल इतके जवळ बसून गाडी चालवायचे. खुर्ची जसजशी भिंतीकडे सरकत गेली तसतसा गुडघा मुडपत गेला. कपाळावर घाम आला. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले, कारण थांबवावंसं वाटत होतं आणि थांबवायचं नव्हतं.

"चला, पुढे सरका, दार सोडा," मी बोचक्यांना म्हटलं, आणि घंटी वाजवली. टिंग टिंग.

क्लच दाबला गेला. सुटला. दुसरा गिअर, पुन्हा क्लच. पाण्याची टाकी, एक बेल, थांबले. डबल बेल, निघाले. शाळा. दवाखाना. प्रत्येक स्टॉपला पाय मागे, पाय पुढे. दातांतून हवा ओढल्याचा आवाज मला येत होता, पण गाडी भर रस्त्यात सोडून उतरणाऱ्यातले ते नव्हेत. वखारीच्या अलीकडच्या वळणावर होतो तेवढ्यात उघड्या दारातून काटकोन आत आली आणि आमच्याकडे बघत उंबऱ्यातच थांबली.

"दारात उभं राहू नका, आत सरका," मी म्हटलं आणि डोळ्यांनी पायाकडे खूण केली.

मुलगी हुशार. एक बोचकं मांडीवर घेऊन निमूट बसली. मग हळूच पुढे गेली, यांच्या खुर्चीशी उकिडवी बसली आणि पिशवीतून मापक काढला.

"चालकाशी बोलू नये," हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"नाही बोलत, काका."

मी वखारीच्या कोपऱ्यावर बेल दिली, अगदी वेळेवर. हे थांबले. पाय मागे येऊन जमिनीवर टेकला आणि काटकोननं पट्ट्या लावल्या. तिच्या हातातला मापक असा उभा राहिला की भिंतीचा कोपरा त्याला लावून बघावा. ती काही बोलली नाही, नियम होता ना. तिनं तो नुसता यांच्या डोळ्यांसमोर धरला.

नेमक्या त्याच वेळी आमचे चिरंजीव आले. बाप भिंतीशी नाक लावून बसलाय, आई हातात घंटी घेऊन उभी आहे, व्यायामवाली जमिनीवर बसलीय आणि मागे बोचकी प्रवासाला निघालीत. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आई, तुलाही दाखवायला न्यायचं का डॉक्टरांना?"

हे मात्र आपल्या गुडघ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"फसवलंस मला."

"मी कुठे? सीट तुम्ही पुढे घेतलीत."

"आणि मशीन खराब झालं तर?"

"काका," काटकोन म्हणाली, "रनिंग झालं तुमचं, मशीन आपसांत बसलं. आता गाडी लाइनवर आली."

ही भाषा त्यांना कळली. ती त्या मुलीला कुठून सुचली कोण जाणे. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ आम्ही गाडी काढायचो. दुखायचं, चढावर तर फार, आणि यांच्या तोंडून जुन्या डेपोतले शब्द निघायचे. त्या वेळी मी घंटी जोरात वाजवायची, काटकोनच्या कानावर नकोत म्हणून. पुलाच्या स्टॉपचा निकाल काही लागला नाही. स्टॉपचा खांबच चुकीच्या जागी होता, यावर आम्ही तडजोड केली.

महिनाअखेरीला तपासणी झाली. डॉक्टरांनी पाय धरला, वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "छान," म्हणाले, "आता काही करायला नको." माझा जीव भांड्यात पडला. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. डॉक्टर कागद चाळत हसत म्हणाले, "बरं झालं. मागच्या वेळी भुलीतून उठायला तुम्ही फार वेळ लावलात काका. आम्हाला घाम फोडलात."

साहेब लोकांशी हे बोलत नाहीतच.

बाहेर मुलगा गाडी आणायला गेला. आम्ही लोखंडी बाकावर बसलो. यांनी काठी आडवी करून मांडीवर ठेवली, पाय सरळ केले. हँडब्रेक ओढल्यासारखा एक श्वास सोडला.

"वेळ मी नाही लावला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडी स्टॉपला उभी होती. माणसं बसलेली, इंजिन चालू, मी तयार. सगळे ओरडत होते, काका उठा, काका उठा. मला ऐकू येत होतं. पण पॅसेंजर ओरडले म्हणून गाडी हलवायची नसते. कंडक्टरनं बेल द्यावी लागते. ती येईना." ते गुडघ्यावरून हात फिरवत होते. "मला वाटलं, तू खाली राहिलीस की काय. तुला सोडून कसा निघणार?"

"मग?"

"मग आली ना. दांडीवर. टिंग टिंग."

मी अंगठीकडे बघितलं. इतके दिवस ती माझ्या हातात होती आणि मला पत्ता नव्हता.

"हे तेव्हाच नाही का सांगायचं? पुन्हा भूल देतील म्हणून मी रात्र रात्र जागी होते."

"तू जागी होतीस तर मला कसली भीती," हे म्हणाले. "बेल तर तुझ्याकडेच होती."

मुलानं समोर गाडी लावली आणि हात केला. मी बाकाच्या दांडीवर अंगठी दोनदा आपटली. हे काठी टेकून उठले, डावा पाय आधी, आणि चालू लागले. दवाखान्याचा एक माणूस लगबगीनं चाकाची खुर्ची ढकलत आडवा आला, "काका, बसा बसा," म्हणत. यांची मान जराशी माझ्याकडे वळली.

मी दांडीवर तीनदा वाजवलं. गाडी भरलीय, थांबू नका. आमचे ड्रायव्हर खुर्चीला वळसा घालून पुढे गेले, आणि मी पिशवी उचलून त्यांच्या मानेकडे बघत मागून निघाले.